तक्रार असल्यास आत यावे

१

सहल नेणाऱ्या माणसाचं खरं काम रस्ता दाखवणं नसतं, तक्रारी ऐकणं असतं. सोळा वर्षं मी तेच करतोय. सीट चाकावर आली, उशी दगडासारखी आहे, चहा पांचट आहे, शेजारचा घोरतो. मी मान डोलवतो, वहीत काहीतरी लिहितो आणि "बघतो" म्हणतो. वहीत बहुतेक वेळा रेघोट्याच असतात. माणसाला तोडगा नको असतो, कुणीतरी लिहून घेतंय एवढंच त्याला पुरतं, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो.

या वेळच्या सहलीत एकोणीस प्रवासी होते आणि त्यात माझी ताई होती. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. माझा डबा, माझे पडणारे दात, माझी न सुटणारी गणितं, सगळं तिनेच निस्तरलं. गेल्या वर्षी भावोजी गेले आणि तिने घराचा उंबरा ओलांडणं सोडलं. शेवटी भाचीने मला गळ घातली. मामा, तू जगाला फिरवतोस, आईला एकदा घेऊन जा.

घेऊन आलो आणि पहिल्या दिवसापासून पस्तावलो. ताईला बस लागते, पण पुढची सीट नको, तिथे ऊन येतं. चादर ओलसर वाटते. मी जेवताना फोन घेतो ते बरोबर नाही. मी केस फार बारीक कापलेत. मी स्वेटर घालत नाही. बाकीचे अठरा लोक निदान झोपताना तरी थांबायचे. ताई दाराशी येऊन, मी झोपलो का हे बघून, त्याबद्दलही दोन शब्द बोलून मग जायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या बोटीने आम्हाला बेटावर जायचं होतं. वादळ येणार हे दोन दिवस सगळे ऐकत होते, पण ते लांबून, समुद्रातून निघून जाईल असं बातम्यांत सांगत होते. नाश्त्याच्या वेळी आमचा ड्रायव्हर, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, माझ्याजवळ आला आणि म्हणाला की त्याला वाऱ्याचं काही खरं दिसत नाही. मी सहल कंपनीच्या मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, बेटावरच्या हॉटेलात जेवण शिजायला लागलंय, निघा.

निघालो.

२

धक्क्यावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. समुद्राचा रंग भांडी विसळलेल्या पाण्यासारखा होता. बोट दुहेरी दोरांनी बांधून ठेवली होती आणि तिच्यावर चिटपाखरू नव्हतं. तिकिटाच्या खिडकीमागे बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला एक बारीक अंगाचा कारकून पेन्सिलीला टोक काढत बसला होता. त्याने मान वर न करता सांगितलं की बोट रद्द आहे. कधीपर्यंत, विचारलं तर म्हणाला, वादळ जाईपर्यंत.

आम्ही उलटे फिरलो. चार-पाच किलोमीटर मागे खाडीवरचा पूल आहे. अर्ध्या तासापूर्वी आम्ही त्यावरूनच आलो होतो. आता तिथे आडवा बांबू टाकला होता आणि रेनकोटातला पोलीस हातवारे करून मोठ्या गाड्या परत पाठवत होता. वारा जोराचा आहे, बस उलटेल, धक्क्यावर पक्की इमारत आहे, तिथे जाऊन बसा, असं त्याचं म्हणणं. उस्तादने त्याच्याशी हुज्जत घातली, मीही घातली, आणि साडेअकराला आम्ही पुन्हा त्याच धक्क्यावर होतो.

प्रतीक्षागृह लांबुळकं होतं. जमिनीत बोल्ट मारून बसवलेल्या लोखंडी बाकांच्या चार रांगा. भिंतींना कमरेइतका हिरवा ऑइलपेंट, त्यावर पिवळट चुना. सामान तोलायचा एक जुना काटा. बाहेर झेंड्याच्या खांबाची दोरी खांबावर आपटत होती, टण्, टण्, आणि पत्र्याच्या छपराचा एक कोपरा मधूनच उचकी लागल्यासारखा उडायचा. आमच्याखेरीज तिथे कुणी प्रवासी नव्हतं.

आणि मग सगळे माझ्यावर तुटून पडले. मी कुणाकुणाला काय काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. औषधांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते, त्यांनी आवाज चढवून विचारलं की वादळाचं माहीत असताना आणलंतच कसं. नवीन लग्न झालेलं जोडपं सकाळपासून आपसात धुसफुसत होतं, ते आता एक होऊन माझ्याशी भांडू लागलं. निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणत, त्यांनी पाण्याचं विचारलं. मी म्हणालो, पाणी भेटेल. त्या म्हणाल्या, "माणूस भेटतो. पाणी मिळतं. आणि इथे दोन्ही नाही." फोनवर मालक मला सांगत होते की लोकांना नीट हाताळा. दर दोन मिनिटांनी ताई माझी बाही ओढून सांगत होती की मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही आणि माझा चेहरा उतरलाय.

तेव्हा खिडकीतला कारकून पहिल्यांदा आपणहून बोलला. त्याने पेन्सिलीने बाजूच्या दाराकडे खूण केली. दारावर पाटी होती: तक्रार असल्यास आत यावे. एका वेळी एकच.

"साहेब आहेत आत," तो म्हणाला. "ऐकून घेतात."

मला हसूच आलं. तक्रार करणाऱ्याला आत बोलावणारं ऑफिस मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

३

औषधवाले पहिले गेले. छाती पुढे काढून, हातात तिकिटांचा कागद घेऊन, आता बघाच असा चेहरा करून. दार लागलं. मी मनात म्हटलं, चला, दहा मिनिटं सुटका.

दहा मिनिटांत ते परत आले, शांतपणे आपल्या जागेवर बसले आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. बाकीच्यांनी त्यांना गराडा घातला. काय म्हणाले साहेब, बोट सोडतायत का, दुसरी सोय करतायत का. औषधवाले सगळ्यांकडे बघून सावकाश म्हणाले, "ऐकून घेतलं."

"पण म्हणाले काय?"

"काही नाही. माझी काही तक्रार नाही आता."

हे ऐकून बाकीच्यांचं समाधान होईल असं मला वाटलं नव्हतं आणि ते झालंही नाही. उलट जो तो आपला राग स्वतः सांगायला उत्सुक झाला. रांग लागली. जोडप्यातला नवरा, मग बायको. दोन भाऊ होते, ते एकामागून एक. बाई गेल्या त्या पर्स काखेत आवळून, जणू वर्गावर निघाल्यासारख्या. कुणी दहा मिनिटं लावली, कुणी पाचच. दार उघडायचं आणि मिटायचं तेवढाच काय तो आवाज. आतून एक शब्द ऐकू येत नव्हता. औषधवाले आत गेल्यावर तरी आरडाओरडा ऐकू यायला हवा होता, हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्यावर विचार केला नाही. जुन्या इमारतींच्या भिंती जाड असतात.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. आडवा, खिडक्यांवर मूठभर वाळू फेकल्यासारखा.

४

दोन वाजेपर्यंत प्रतीक्षागृहात इतकी शांतता पसरली की मला माझ्याच बुटांचा आवाज ऐकू येऊ लागला. सोळा वर्षांत असं झालं नव्हतं. बसमधलं बिस्किटांचं खोकं आणि थर्मास मी आणून ठेवले होते. वाटायला गेलो तर ज्याच्या हातात दिलं त्याने घेतलं, ज्याच्या हातात दिलं नाही त्याने मागितलं नाही. चहा पार निवला होता. सगळ्यांनी प्यायला.

मी एका बाकावर पाय पसरून बसलो आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आत बसलेल्या माणसाला मनोमन नमस्कार केला. काय बोलत असेल हा गडी, शिकून घ्यायला हवं, असंही वाटलं.

मग गजर वाजायला लागला. औषधवाल्यांच्या फोनवर दर दुपारी रक्तदाबाच्या गोळीचा गजर वाजायचा आणि आधीच्या दोन्ही दिवशी ते पहिल्या ठोक्याला खिशात हात घालायचे. आज तो वाजतच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. आसपासच्या कुणी वळूनही पाहिलं नाही. शेवटी मी उठून त्यांच्याजवळ गेलो आणि गोळीची आठवण केली.

"वाजू दे," ते म्हणाले.

मी स्वतःच त्यांच्या खिशातून फोन काढून तो बंद केला. गोळीची पट्टी शोधून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती हातात धरून ठेवली. "घ्या ना," म्हटल्यावर घेतली.

तिथून परत येताना मी बघितलं की सगळे एकसारखे बसलेत. पाठ ताठ, तळवे गुडघ्यांवर. छताच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं होतं आणि त्याची धार जोडप्यातल्या मुलीच्या खांद्यावर पडत होती. तिचा कुडता कमरेपर्यंत भिजला होता. नवरा शेजारी होता. तिने जागा बदलली नव्हती आणि त्यानेही तिला सरकवलं नव्हतं. मी तिला हाताला धरून पलीकडे बसवलं. ती बसली.

माणसं थकली की अशी होतात, मी स्वतःला सांगितलं. भांडून भांडून दमलेत. वादळाच्या आधी हवेचा दाब उतरतो, त्यानेही डोकं जड होतं. मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो आणि मुद्दाम, स्पष्ट आवाजात म्हणालो, "बाई, अजून चहा भेटेल, हवा का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, ओळखीची होती.

"हो," त्या म्हणाल्या. "भेटेल तर द्या."

५

ताई मात्र आत गेली नव्हती. ती सगळ्यांत मागच्या बाकावर शाल लपेटून बसली होती आणि मी जवळ गेलो तशी सुरूच झाली. की हे लोक असे काय बसलेत. की मी त्या ओल्या मुलीला टॉवेल का दिला नाही. की त्या पत्र्याचा आवाज तिच्या दाढेत जातोय. की मी सकाळी उस्तादचं ऐकायला हवं होतं, लहानपणापासून मी असाच, सांगणाऱ्याचं ऐकत नाही आणि मग तोंड पाडून बसतो.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. आवाज तुटत होता, पण बेटावरचं हॉटेल, पुढचा मुक्काम, सगळ्याची जबाबदारी माझ्यावर आहे एवढं कळलं. मी बोलत असताना ताई माझ्या दुसऱ्या कानाशी सांगत होती की जेवताना फोन, झोपताना फोन, आता बुडतानाही फोनच. फोन कटला. मी परत लावला. लागला नाही.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मागे सतरा-अठरा माणसं दगडासारखी बसली होती, ते मला खटकत होतं, हे मी आता नाकारत नाही. पण त्या क्षणी मला त्या शांततेतला उरलेला एकच आवाज बंद करायचा होता.

"ताई," मी म्हणालो, "तुला जे काही सांगायचं ते आत जाऊन साहेबांना सांग. सगळे सांगून आलेत."

"मी परक्याला कशाला सांगू? तू आहेस ना."

"माझ्याकडे वेळ नाही. जा. माझं डोकं उठलंय."

तिने अंगावरची शाल उतरवली. मग तिची घडी केली, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली की हवेत गारठा आलाय, निदान ही तरी अंगावर घे. कारकुनाने तिला बघून पेन्सिल बाजूला ठेवली आणि स्वतः उठून दार उघडून धरलं. इतर कुणासाठी तो उठला नव्हता.

६

दार मिटलं आणि दुसऱ्या बाजूचं मोठं दार ढकलून उस्ताद आत आला. नखशिखांत भिजलेला. सकाळपासून तो बसजवळच होता. बसच्या मागच्या काचेवर काहीतरी उडून आदळलं होतं आणि ती फुटली होती, म्हणून आडोसा शोधत तो इमारतीला वळसा घालून आला होता.

त्याने बाकांवरच्या लोकांकडे पाहिलं. मग औषधवाल्यांकडे पाहिलं आणि तिथेच त्याची नजर अडकली.

"हे केव्हापासून इथे आहेत?" त्याने हळू आवाजात विचारलं.

मी म्हणालो, बारापासून. जागचे हलले नाहीत.

उस्तादने मला कोपऱ्यात ओढलं. तो घाबरट माणूस नाही. घाटात ब्रेक गेलेली गाडी त्याने थांबवलेली आहे. तो म्हणाला, इमारतीच्या मागे एक खिडकी आहे, झडपांची, बंद. तिथे वारा जरा कमी लागतो म्हणून तो भिंतीला टेकून उभा होता. आतून बोलणं ऐकू येत होतं. औषधवाल्यांचं. उशी दगडासारखी होती, रात्रभर मान धरली, मॅनेजरला सांगितलं तर तो वहीत रेघा मारतो.

"मला वाटलं ते तिथे आहेत," उस्ताद म्हणाला. "आत्ता, या मिनिटाला. मी त्यांचा आवाज ऐकतच इथे आलोय."

मी दाराकडे धावलो. कारकुनाने खिडकीतूनच हात आडवा केला. एका वेळी एकच, तो म्हणाला, आत कुणीतरी आहे. मी म्हणालो, ती माझी बहीण आहे. तो म्हणाला, माहीत आहे. मी कडीला हात घातला, ती बर्फासारखी गार होती आणि हलत नव्हती. मी दारावर थापा मारल्या. मागे बसलेल्यांपैकी एकानेही मान वळवली नाही.

मग कडी आपसूक फिरली आणि ताई बाहेर आली.

७

मी तिचे दोन्ही दंड धरले. ती हसली, छान हसली. मी विचारलं, आत कोण होतं. ती म्हणाली, साहेब. ते काय म्हणाले, विचारलं तर म्हणाली, ऐकून घेतलं. ती चालत जाऊन बाईंच्या शेजारी बसली आणि तिने तळवे गुडघ्यांवर ठेवले.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. मी तिला सांगितलं की मी सकाळपासून उपाशी आहे. ती म्हणाली, बरं. मी तिने दिलेली शाल ओल्या फरशीवर टाकली. तिने ती पाहिली. मी म्हणालो, मी बाहेर जातोय, पावसात, काहीही न घालता.

"बरं," ताई म्हणाली.

मी उठलो आणि खरंच बाहेर गेलो. उस्ताद मागून ओरडत होता.

८

इमारतीच्या कोपऱ्यावर वाऱ्याने मला भिंतीवर आपटलं. मागची बाजू म्हणजे इमारत आणि समुद्राचा बांध यांच्यामधला हातभर रुंद बोळ. लाटा बांधावर फुटून डोक्यावरून पाणी येत होतं. दुपारचे साडेतीन वाजले असतील, पण उजेड तिन्हीसांजेसारखा होता. मी भिंत चाचपत सरकत गेलो आणि खिडकी हाताला लागली.

आत सगळे बोलत होते.

सगळे एकदम, पण एकमेकांशी नव्हे. प्रत्येकाचं आपापलं चाललं होतं, न थांबता, श्वास न घेता. औषधवाल्यांची उशी. नवरा सांगत होता की ही कधीच आधी सॉरी म्हणत नाही, आणि बायको सांगत होती की हा माझ्याकडे बघतच नाही. बाई कुणाला तरी बजावत होत्या, माणूस भेटतो, पाणी मिळतं, मिळतं, मिळतं. त्या सगळ्यांच्या वर, अगदी खिडकीला लागून असल्यासारखा, ताईचा आवाज होता.

"...समोर बसतो, मान डोलवतो, ऐकत मात्र नाही. भिजू नकोस म्हटलं की भिजणारच. आता हेच बघा, बाहेर उभा आहे पावसात, अंगात स्वेटर नाही. सहा वर्षांचा होता तेव्हा असाच तापाने फणफणला होता, आठ दिवस मी मांडीवर घेऊन बसले..."

मी तिला हाक मारली. ती थांबली नाही. मी झडपेच्या फटीत बोटं घालून एक पट्टी वर उचलली.

एक टेबल दिसलं. अलीकडे एक खुर्ची, रिकामी. आवाज त्या रिकाम्या खुर्चीच्या जागेवरून येत होते. टेबलापलीकडे कुणीतरी बसलं होतं. चेहरा दिसला नाही, अंधार होता. डोक्याचा आकार तेवढा दिसला, एका बाजूला कललेला, मन लावून ऐकणारा माणूस कलवतो तसा. कान खांद्याला टेकला होता. मला वाटलं, एवढंच. पण ते डोकं अजून कलत होतं. सावकाश, खांद्याच्याही खाली.

पट्टी माझ्या बोटांतून निसटली. पुढचं मला उस्तादने सांगितलं, की त्याने मला कॉलर धरून बोळातून ओढून काढलं आणि मी सारखा म्हणत होतो की ती अजून आत आहे.

९

पाचच्या सुमाराला वारा एकाएकी पडला. वादळ किनाऱ्याला शिवलंच नाही, वळून लांब निघून गेलं, असं नंतर कळलं. पोलीस येऊन सांगून गेला की पूल उघडलाय. उस्तादने एकेकाला हाताला धरून बसमध्ये बसवलं. फुटक्या काचेखालच्या सीटवर तुकडे पडले होते. ते झटकेपर्यंत एक जण त्यांच्यावरच बसायला निघाला होता.

मी खिडकीशी गेलो. कारकून पुन्हा पेन्सिलीला टोक काढत होता. मी त्याला म्हणालो की माझी बहीण आत आहे.

"त्या बसमध्ये बसल्यात," तो म्हणाला.

"ती नव्हे."

त्याने टोकावरचा भुसा फुंकला आणि दिवसभरात पहिल्यांदा मला नीट निरखून पाहिलं. आवाजात दुष्टपणा नव्हता. एखाद्या चांगल्या कारकुनाने विचारावं तसं त्याने विचारलं, "मग ही तुमची तक्रार समजायची का?"

दार माझ्यापासून दोन पावलांवर होतं. मी ते कललेलं डोकं पाहिलेलं होतं. मी म्हणालो, "नाही." आणि बसमध्ये जाऊन बसलो.

सहल तशीच अर्धी सोडून आम्ही परतलो. अभिप्रायाच्या कागदांवर सगळ्यांनी उत्तम लिहिलं. मालकांनी माझी पाठ थोपटली.

१०

पंधरा दिवसांनी भाचीचा फोन आला. ती रडत होती. आई बदललीय, तिने आल्यापासून एकदाही रागावून दाखवलेलं नाही, हे तिने मला आधीही सांगितलं होतं आणि मी म्हणालो होतो की हवापालट मानवला असेल. आता ती सांगत होती की काल कपाटाच्या दारात आईचं बोट चेंगरलं. ती तशीच उभी राहिली. भाची ऑफिसातून आली तेव्हा संध्याकाळ झाली होती, बोट दारातच होतं आणि काळंनिळं पडलं होतं. विचारलं तर म्हणाली, काही नाही गं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. ते म्हणतात, तुमच्या आई अगदी समाधानी आहेत.

"मामा," तिने विचारलं, "तिथे काय झालं होतं?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने रडणं आवरलं. मग म्हणाली, "तिला परत आण."

आज सकाळी उस्ताद त्याच्या भावाची गाडी घेऊन आला. ताईला मी स्वेटर चढवला, पट्टी बांधलेला हात सांभाळून. चार तासांच्या वाटेत ती एक अक्षर बोलली नाही. ऊन थेट तिच्या डोळ्यांवर येत होतं. मी वही धरून सावली केली.

इथे आज लख्ख ऊन पडलंय. बोटी ये-जा करतायत, बाकांवर माणसं बसलीत, कुणीतरी संत्रं सोलतंय. कारकून तोच आहे, स्वेटर तोच. मी ताईला पहिल्या बाकावर बसवलं, खिडकीशी गेलो आणि तो काही विचारायच्या आत म्हणालो की माझी तक्रार आहे, मला आत जायचंय.

त्याने ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मिटलेल्या दाराकडे.

"बसा थोडं," तो म्हणाला. "तुमच्या ताईंचं अजून चाललंय."

मी बसलोय.